डिस्क भरली : पुसायचे काय, ठेवायचे काय?



तुमच्या घरचा मुलगा किंवा मुलगी शेती सांभाळून लग्नाच्या शूटिंगचा जोडधंदा करीत असेल, तर हे ओळखीचे वाटेल. लग्नसराई नुकतीच सरली, मृग तोंडावर आला, बियाणे-खताची तजवीज चालू आहे, आणि नेमके तेव्हाच पोर म्हणते, "बाबा, कॉम्प्युटरची डिस्क भरली, नवी घ्या लागते." दारव्हा असो की वणी, बाजारात डिस्क मिळेल, पण आधी जुनी कशाने भरली ते पाहावे. पुष्कळदा ती शूटिंगपेक्षा कॉम्प्युटरने मागे टाकलेल्या पसाऱ्याने भरलेली असते.

हा पसारा होतो कसा? एडिटिंग करताना शॉटचा रंग बदलला, वधूवरांची नावे टाकली, फुलांची चौकट बसवली, की सारे जुळवून दाखवताना कॉम्प्युटर अडखळतो. म्हणून तो तेवढा तुकडा आधीच तयार करून डिस्कवर लिहून ठेवतो. ही झाली रेंडर फाईल. पुढे पुन्हा रंग बदलला, की नवा तुकडा तयार होतो आणि जुना तिथेच पडून राहतो. शिवाय हे तुकडे जड असतात. 24 मेगाबिट दराचे तासाभराचे शूटिंग सुमारे 11 जीबी भरते. तेच प्रोरेस 422 या प्रकारात एचडीमध्ये रेंडर झाले, तर 55 जीबीच्या घरात जाते.

तुराट्या चुलीत घालाव्यात, बियाण्याची तूर नाही. कॉम्प्युटरला पुन्हा करता येते ते खुशाल पुसावे. कॅमेऱ्यातून उतरवलेल्या मूळ शूटिंगला मात्र हात लावू नये. मांडवात अक्षता टाकणारी आजी पुढल्या लग्नाला असेलच, असे कोणी सांगावे? प्रोजेक्टची फाईल लहानशी असते, तीही राहू द्यावी.

फोल्डर उघडून हाताने पुसत बसू नये. घाईत मूळच जायचे. प्रोग्राममधूनच पुसावे. प्रीमियर प्रोमध्ये सिक्वेन्स मेनूत 'डिलीट रेंडर फाईल्स' आहे, डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूत 'डिलीट रेंडर कॅश', तर फायनल कट प्रोमध्ये फाईल मेनूत 'डिलीट जनरेटेड लायब्ररी फाईल्स'. एक घोटाळा टाळावा. पोरे तयार झालेल्या पूर्ण फिल्मलाही 'रेंडर' म्हणतात. ती पुसायची नाही!

काम अर्धवट असताना सगळे पुसू नये. पुन्हा रेंडर करण्यात रात्र जाते, त्यात वीज गेली की संपलेच. लग्नघराने सांगितलेल्या दुरुस्त्या होऊ द्याव्यात, तयार फिल्म टीव्हीवर शेवटपर्यंत पाहावी, मग पुसावे.

आणि मूळ शूटिंग एकाच डिस्कवर ठेवू नये. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागली. फाळके आणि प्रभातच्या काळातला ठेवा त्यात जळाला. ज्यांच्या प्रती आधी उतरवून ठेवल्या होत्या, ते चित्रपट पाहायला तरी उरले. तेव्हा काम घेतानाच लग्नघराला एक डिस्क आणून द्यायला सांगावे. मूळ शूटिंगची एक प्रत त्यांच्या कपाटात राहील, दुसरी तुमच्याकडे.