जुने यंत्र पुसण्याची घाई नको



ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर सोपविले. जांबोटीच्या पावसात कागद टिकत नाही. म्हणून वह्यांची छायाचित्रे आम्ही घरच्या सर्व्हरवर ठेविली. तो जीर्ण झाला, नवा आणिला. प्रथम बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली, मग नव्या यंत्रात नक्कल करून प्रत्येक फाइलचा चेकसम जुन्याशी ताडून पाहिला. एका विवाहाचे पान जुळेना! मूळ पान तर ओलीने केव्हाच विरले होते. जुने यंत्र शाबूत होते, म्हणून ते पुन्हा उतरविता आले.

आपल्या घरच्या छायाचित्रांचेही असेच करावे. एकमेकींचे प्रतिबिंब असणाऱ्या दोन डिस्का म्हणजे राखीव प्रत नव्हे; एकीवर पुसलेले दुसरीवरूनही पुसले जाते. एक प्रत परगावी असू द्यावी. विश्वास ठेवावा, परंतु मोजून घ्यावे.