बक्षीस नको, भाडं द्या

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. आठवडाभर हपिसात कीबोर्ड बडवून शनिवार-रविवारी नाटकाच्या तालमी करणारी माझ्यासारखी मंडळी पुण्यात पैशाला पासरी सापडतील. तालीम कुणाच्या तरी गच्चीवर, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारचे काका ओरडेपर्यंत. प्रयोग लावायची वेळ आली की सगळ्यांनी आपापल्या खिशात हात घालायचा. हॉलचं भाडं, लाइट्स, टेम्पो, छपाई... तिकिटांतून त्यातलं किती परत येतं ते विचारू नका :-)

आमची तक्रार नाही. हौस आहे, तर खर्च करावा. पण दर महिन्याला पगार खात्यात जमा होतो म्हणून आम्हाला ही हौस परवडते. जनता वसाहतीतल्या चार पोरांना पथनाट्य बसवायचं असेल, किंवा हडपसरच्या एखाद्या आजींना आपल्या गावाकडच्या ओव्या सोसायटीतल्या मुलींना शिकवायच्या असतील, तर त्यांनी कुणाच्या खिशात हात घालायचा?

माझं म्हणणं असं की पालिकेच्या. आणि हा काही उपकार नव्हे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेत बारावी अनुसूची आणली, म्हणजे नगरपालिका-महानगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी. त्यात रस्ते आहेत, पाणी आहे, अग्निशमन आहे. आणि १३ व्या क्रमांकावर आहे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. म्हणजे गटार आणि गाणं एकाच यादीत आहेत.

आता पालिकांनी या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभं राहिलं, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ साली. दोन्ही पालिकांचीच. ती नसती तर कित्येक नाटकं आपण बघितलीच नसती. पण आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं हार्डवेअर झालं. त्यावर चालणारा प्रोग्रॅम कोण लिहिणार, आणि लिहिताना त्याच्या चहापाण्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मधली काही वर्षं मी ऑनसाइटला वेलिंग्टनला होतो. न्यूझीलंडमध्ये 'क्रिएटिव्ह कम्युनिटीज स्कीम' नावाची एक योजना आहे. पैसे देते 'क्रिएटिव्ह न्यूझीलंड' ही राष्ट्रीय संस्था, पण वाटप करतात देशभरातली ६७ शहर आणि जिल्हा कौन्सिलं. अर्जांवर निर्णय घेते ती स्थानिक समिती. निकष फक्त तीन, आणि त्यातला एक पुरा केला तरी चालतं: लोकांना कलेत भाग घेता यावा, तिथल्या वेगवेगळ्या समाजांच्या कलापरंपरा टिकाव्यात, किंवा तरुण मुलांना संधी मिळावी. काम त्याच कौन्सिलच्या हद्दीत व्हायला हवं आणि मंजुरीनंतर बारा महिन्यांत संपायला हवं. रक्कम? बहुतेक अनुदानं दोन हजार डॉलरच्या आतली. त्यातून जागेचं भाडं द्या, सामान आणा, शिकवणाऱ्याचं मानधन द्या, जाहिरात करा.

मला सगळ्यात आवडली ती 'कशाला पैसे मिळणार नाहीत' ही यादी. इमारत बांधायला नाही. खाण्यापिण्याला नाही. स्पर्धांच्या प्रवेश फीला नाही. आणि बक्षिसांना नाही!

ही शेवटची ओळ आपल्याकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. कलेला प्रोत्साहन म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा स्पर्धा सुचते, मग चषक, मग व्यासपीठ, मग त्यावरच्या खुर्च्या. स्पर्धांना माझा विरोध नाही. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने मराठीला किती माणसं दिली हे मी वेगळं सांगायला नको. पण बक्षीस मिळतं काम झाल्यावर, आणि तेही एकाला. हॉलचं भाडं भरावं लागतं काम व्हायच्या आधी, आणि प्रत्येकाला. ज्याच्याकडे आधीचे पैसे नाहीत तो नंतरच्या बक्षिसापर्यंत पोचतच नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

'आधी पाणी द्या, मग नाटकं करा.' ठीक, हिशेब करू. समजा पुणे महापालिकेने २०० गटांना प्रत्येकी २५ हजार रुपये दिले. झाले ५० लाख. पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२ हजार ६०० कोटींच्या वर होतं. म्हणजे पालिकेच्या दर लाख रुपयांतले सुमारे चार रुपये. एवढ्याने कुणाच्या नळाचं पाणी जात नाही.

'नगरसेवकाच्या पुतण्याच्या मंडळालाच मिळतील.' हा आक्षेप खरा आहे. त्यावर माझा उपाय साधा आहे. रक्कम लहान ठेवा, म्हणजे मोठे मासे फिरकणार नाहीत. समिती दर दोन वर्षांनी बदला. कोणी किती मागितले, कुणाला किती मिळाले आणि कुणाला का नाकारले याची पूर्ण यादी जाहीर करा. शिवाय कार्यक्रम त्याच वॉर्डात, सगळ्यांना खुला. झाला नाही तर शेजाऱ्यांनाच कळेल.

'पैसे घेतले की तोंड बंद.' हा सगळ्यात अवघड. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं, वाद पेटला आणि प्रयोग बंद पडले. पुढे ते चालू राहावं म्हणून 'थिएटर अकॅडमी' ही नवी संस्था काढावी लागली. पालिकेच्या एखाद्या समितीने तेव्हा त्या नाटकाला पैसे दिले असते का? मला नाही वाटत. तेव्हा अशा अनुदानातून बंडखोर कला जन्माला येईल अशा भ्रमात मी नाही. ती जन्मेल तेव्हा स्वतःच्या बळावर जन्मेल. पण बंड करायच्या आधी माणसाला एकदा तरी लोकांसमोर उभं राहायला मिळालेलं असतं. तेवढ्या पहिल्या पायरीचे पैसे मी मागतोय.

आणि अशी यंत्रणा पुण्यात अशक्य आहे असंही नाही. नागरिकांनी छोटी कामं सुचवायची आणि पालिकेने त्यांचा अंदाजपत्रकात समावेश करायचा, हा प्रकार इथे २००६ साली सुरू झाला. फक्त त्या अर्जांतून आपण मागतो पदपथ, दिवे आणि बाकडी. त्याच धर्तीवर एक दोन पानी अर्ज कलेसाठी काढा, मराठीत, समजेल अशा भाषेत. संध्याकाळी बंद असणाऱ्या पालिकेच्या शाळांचे वर्ग तालमीला द्या. निम्मं अनुदान तर तिथेच देऊन होईल, एक रुपयाही खर्च न करता.

बाकडी हवीतच. पण त्या बाकड्यावर बसून संध्याकाळी बघायला काहीतरी असावं, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा १३ व्या क्रमांकाची आठवण करून द्या. मीही करणार आहे.

असो. तालमीला उशीर होतोय.