आधी निर्णय, मग समिती

पहिलीपासून हिंदी लादणारे दोन्ही शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने अखेर मागे घेतले, हे बरे झाले. ज्या पोराला अजून मराठी मुळाक्षरे धड गिरवता येत नाहीत त्याच्या माथी तिसरी भाषा कशासाठी मारायची, याचे उत्तर सरकारपाशी पहिल्या दिवसापासून नव्हते. आता या माघारीला जनभावनेचा आदर असे गोंडस नाव दिले जाईल. ते मान्य करण्याचे काहीही कारण नाही.

अडीच महिन्यांतला हा खेळ पाहा. १६ एप्रिल २०२५ ला हिंदी अनिवार्य. ओरड होताच शिक्षणमंत्री दादा भुसे यांच्याकडून ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती, तीही तोंडी. १७ जूनला, म्हणजे राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा सुरू झाल्यावर, नवा निर्णय: ‘अनिवार्य’ गेले, ‘सर्वसाधारणपणे’ आले. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थी हवेत, नाहीतर ती ऑनलाइन शिकावी. राज्यातल्या हजारो शाळांची एकूण पटसंख्याच विसाच्या आत आहे, हे ज्या खात्याने या शाळा बंद करून समूहशाळा काढण्याचे मनसुबे रचले त्याच खात्याला आठवू नये? आणि पहिलीतले मूल ऑनलाइन भाषा शिकणार, ही कल्पना ज्याला सुचली त्याने एकदा पहिलीच्या वर्गात तासभर उभे राहून दाखवावे. शेवटी २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही निर्णय रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. म्हणजे आधी निर्णय, मग समिती.

लोकांचे ऐकायचेच होते तर संधी कमी नव्हत्या. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी एप्रिलमध्येच विरोध कळवला होता. पुढे समितीने तसा ठरावही केला. शिक्षक बोलत होते, बालशिक्षणातली जाणती माणसे लिहीत होती. तेव्हा सरकारला ऐकू आले नाही. ठाकरे बंधूंनी ५ जुलैच्या एकत्र मोर्चाची हाक दिली, मुंबई महापालिकेची निवडणूक डोळ्यांसमोर आली आणि कान उघडले. सरकारने मत ऐकले नाही, आवाज मोजला. उद्या याहून मोठा आवाज उलट बाजूने उठला, तर हेच सरकार उलट वळेल, कारण धोरणामागे विचारच नव्हता.

लोकशाहीत लोकांचे ऐकावेच लागते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण ते निर्णयाआधी ऐकायचे असते. लोकांना आधी विचारत नाही, म्हणून मग त्यांच्यापुढे वाकावे लागते. दिल्लीतही हेच घडले. तीन कृषी कायदे आणताना ते प्रवर समितीकडे धाडावेसे वाटले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले, तेव्हाही संसदेत चर्चा नाही. कायदे चुकीचे होते की शेतकरी, याचे उत्तर सभागृहात कोणीच दिले नाही.

उलट, जिथे लोकांच्या रोषाला न जुमानता उभे राहायचे असते तिथे सत्ताधारी शेपूट घालतात. जादूटोणाविरोधी कायदा याच महाराष्ट्रात ‘भावना दुखावतील’ म्हणून वर्षानुवर्षे रखडला. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाला अध्यादेश सुचला. तेव्हाचे सत्ताधारी वेगळ्या पक्षांचे होते. सवय तीच.

माघार जाहीर करतानाही मुख्यमंत्र्यांनी बोट दाखवले ते उद्धव ठाकरेंच्या काळातल्या, शैक्षणिक धोरणावरच्या माशेलकर समितीकडे. ठाकरेंनी तिच्या अहवालातले काय स्वीकारले होते, याचा जाब त्यांना जरूर विचारावा. पण १६ एप्रिलच्या निर्णयावर सही माशेलकरांची नव्हती. हा निर्णय कोणाच्या सल्ल्याने निघाला, हे अधिवेशनात सांगा. आणि जाधव समितीने मुंबईत बसून निवेदने गोळा करण्यापेक्षा गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या एकशिक्षकी शाळांत जावे. तिचा अहवाल येईल तेव्हा तो आधी जसाच्या तसा लोकांपुढे ठेवा, त्यावर महिनाभर हरकती मागवा आणि मगच शासन निर्णयाचा कागद काढा, मग महापालिकांचे निकाल काहीही लागोत.