दुखणं माझं, गोळी मात्र सगळ्यांची!



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी तब्येतीची कुरबुर चालू होती. त्यावरून घरच्यांचे इतके फोन आले, की प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. काहीजण वाचून रागावतील. रागवा बापडे! बत्तीस वर्षं वर्गात उभं राहून मराठी शिकवलंय, थोडं स्पष्ट बोलायचा हक्क मला आहे.

माझे गुडघे आणि कंबर गेली अकरा वर्षं दुखताहेत. सुरुवातीला एका डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकची गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. त्या पाच दिवसांची आठ-नऊ वर्षं कधी झाली ते कळलंच नाही. पट्टीवर चक्क छापलेलं असतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये म्हणून. पण कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने कधी चिठ्ठी मागितली नाही आणि घरातल्या कुणी ती आणून द्यायला कुरकुर केली नाही. भाचीच्या लग्नात तर माझ्या पर्समधली पट्टी निम्म्या वऱ्हाडाने संपवली. तेव्हा एकाचाही फोन आला नाही, की बाई गं, हे रोज घेणं बरं नव्हे.

मागच्या वर्षी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.४. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. आपलं शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. त्यांच्यामुळे सांधा सुजतो, दुखतो, पण मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तीच सांभाळतात. ही गोळी त्यांनाच अडवते. दुखणं थांबतं आणि तिकडे मूत्रपिंड उपाशी राहतं. त्यात म्हातारपण, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी. हे सगळं एकत्र येणं फार वाईट, असं आता समजलं. गुरांना हेच डायक्लोफेनॅक दिलं जायचं आणि त्यांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली आपल्या सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. गिधाडांची काळजी वाहणारं कुणीतरी होतं म्हणायचं!

तर डॉक्टरांनी औषध बदललं. "ती गोळी बंद, ही कॅप्सूल सुरू, महिन्याने या." झालं. एक मिनिटही लागलं नसेल. मीही मुकाट्याने उठले. आयुष्यभर मुलांना "प्रश्न विचारा रे" म्हणून ओरडणारी बाई, डॉक्टरांपुढे मात्र गप्प!

कॅप्सूलचं नाव ड्युलोक्सेटिन. पहिले आठ दिवस मळमळ, तोंडाला कोरड. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र सकाळी भिंतीला न धरता उठता येऊ लागलं. आणि तेवढ्यात भाच्याने मोबाइलवर नाव शोधलं. "आत्या, अगं ही तर डिप्रेशनची गोळी!"

मग काय विचारता! ताईचा फोन, "तुला काय कमी आहे गं? मुलगा-सून एवढं करतात." धाकटे दीर, "वहिनी, सवय लागेल, सोडा ती." एकीने तर सुनेलाच विचारलं, घरात काही झालंय का म्हणून. बिचारी रडकुंडीला आली. तिच्यासाठी म्हणून सहाव्या आठवड्यात मी कॅप्सूल एकदम बंद केली.

तिसऱ्या दिवशी गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. झोप नाही, घाम. मला वाटलं अर्धांगवायू येतोय. दुखणं परतलं ते वेगळंच, आणि मी कपाटातली जुनी पट्टी पुन्हा बाहेर काढली. तुमच्या काळजीचं फळ हे असं.

शेवटी कागदावर प्रश्न लिहून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दहा मिनिटं दिली. मेंदूकडून मणक्यातून खाली एक वाट येते, ती दुखण्याचे निरोप दाबून टाकते. त्या कामाला सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन लागतात, आणि ही कॅप्सूल ती दोन्ही जास्त वेळ टिकवते. नैराश्यातही तीच उपयोगी पडतात, म्हणून एक औषध दोन आजारांना. अमेरिकेत २०१० साली त्याला सांध्यांच्या आणि कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी मान्यताही मिळाली आहे. एकदम थांबवायचं नाही, हळूहळू कमी करायचं. सोबत डायक्लोफेनॅक घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही घेतलीच नसती."

माझं भांडण आहे ते इथे. डॉक्टरसाहेब, न सांगितल्यामुळे मी घेतली आणि न सांगितल्यामुळेच धोक्याने सोडली. पेशंटला कळणार नाही असं धरून चालू नका. वेदना हा शब्द विद् धातूपासून आलाय, विद् म्हणजे जाणणं. माझी वेदना मी जाणते. कळ, चमक, ठणका, ठसठस, भगभग, रग, मुंग्या... दहा शब्द आहेत माझ्याकडे, आणि भगभग-मुंग्यांचं औषध वेगळं, ठणक्याचं वेगळं असू शकतं. "दहापैकी किती?" एवढ्यावर भागत नाही.

आणि नातलगांनो, सवयीची भीती अगदीच खोटी नाही. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांची खरंच सवय लागते, म्हणून २०१८ साली त्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्या. पण एकदम सोडल्यावर गरगरणं वेगळं आणि व्यसन वेगळं. आणि समजा मला नैराश्य असतंच, तर? त्यात लाज कसली?

हे औषध सगळ्यांना लागू पडतं असं मी म्हणत नाही. माझा रक्तदाब आणि रक्तातलं सोडियम अधूनमधून तपासावं लागतं, दुखणंही पुरतं गेलेलं नाही. पण आता जिना चढते. औषध बदललं की एवढं तरी विचारा: का बदललं, जुन्यातलं काय बंद, गुण यायला किती दिवस, आणि थांबवायचं झालं तर कसं?

असो. फोन जरूर करा. पण गोळीचं नाव विचारण्याआधी, मी कशी आहे ते विचारा. आणि सुनेला पुन्हा छेडाल तर गाठ माझ्याशी आहे!