पाणी शहापूरचे, प्रतिष्ठा शहराची!

मुंबई-पुण्याच्या नागर जीवनात गेल्या दीड दशकात 'क्राफ्ट बिअर' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. अवाढव्य कारखान्यात लाखो बाटल्यांतून भरली जाणारी एकसाची बिअर वेगळी आणि छोट्या मायक्रोब्रुअरीत, थोड्या प्रमाणात, कसबी हातांनी, त्या त्या स्थानाची चव राखून केलेली बिअर वेगळी, असे तिचे भक्त आवर्जून सांगतात. 'स्थानिक' हे विशेषण तर या व्यवसायाचे जणू कुलचिन्हच होऊन बसले आहे. महाराष्ट्रात या लाटेचा आरंभ २००९ साली पुण्यात झाला. तेथील मायक्रोब्रुअरीचे नाव 'डूलाली'. हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळाली छावणीच्या नावाचा गोऱ्या सोजिरांनी केलेला अपभ्रंश! मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता छावणीत ज्याचे डोके फिरले, त्याला ते 'डूलाली' म्हणत. पुढे खुद्द ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीस 'गेटवे' नावाची ब्रुअरी उभी राहिली. स्थानिकतेचा ध्वज ज्या नावाखाली फडकला, ते नावच परकीय जिभेवर झालेली स्थानिकाची मोडतोड असावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु ज्या मालाला स्थानिक म्हटले जाते त्यात स्थानिक काय आहे, हा प्रश्न सोडून देता येणार नाही.

पेल्यात स्थानिक काय?

छोट्या प्रादेशिक मद्यशाळेचे वेगळेपण कशात असते, याचे उत्तर ज्या युरोपचे अनुकरण चालले आहे तेथेच मिळते. ब्रुसेल्सजवळ सेन नदीच्या खोऱ्यात 'लांबिक' नावाची बिअर करतात. तिच्यात बाहेरचे यीस्ट घालत नाहीत. उकळलेला रस थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या हौदात रात्रभर ठेवतात आणि त्या परिसराच्या हवेतील यीस्टच तो आंबवते. जर्मनीतील कोलोन शहराची 'क्योल्श' बिअर त्या परिसराबाहेर कोणी केली, तर युरोपात तिला ते नाव लावता येत नाही. कच्चा माल कोठला, पाणी कोठले, कसब कोणाचे आणि नफा कोणाच्या घरी जातो, या चार प्रश्नांची उत्तरे एकाच गावाकडे बोट दाखवतात, तेव्हा त्या पेयाला त्या गावाचे म्हणतात.

आता हाच निकष मुंबईच्या पेल्याला लावावा. जव येते राजस्थान-हरियाणातून, नाहीतर जर्मनी-बेल्जियममधून माल्ट होऊन. कडवटपणा देणारी हॉप्सची फुले महाराष्ट्राच्या हवेत पिकत नाहीत. ती परदेशातून येतात. यीस्ट पाकिटातून येते आणि कृती पाश्चात्त्यांच्या पुस्तकातून. उरते ते पाणी. बिअरचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाण्याचाच असतो आणि मुंबईचे पाणी येते कोठून? तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातील. एकट्या भातसेतून महानगराला लागणाऱ्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा जातो. म्हणजे मुंबईच्या क्राफ्ट बिअरमध्ये खरोखर या भूमीचे असे काही असेल, तर ते शहापूरचे पाणी! त्या पाण्याचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते. आणि ज्या तालुक्यातून हे पाणी वाहून नेले जाते, तेथील गावपाड्यांतील माताभगिनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहत आल्या आहेत.

दोन साले, दोन कायदे

पाणी गेले, एवढ्यावर ही कथा संपत नाही. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ पट्ट्यात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली हे वनवासी समाज राहतात. त्यांपैकी कातकऱ्यांचे नावच मुळी खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. १८७८ साली इंग्रजांनी भारतीय वन कायदा केला, जंगले राखीव झाली आणि खैरावर कुऱ्हाड चालवणे हा गुन्हा ठरला. ज्याच्या कसबावरून त्याचे नाव पडले, ते कसबच त्याच्या हातून गेले. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. घरगुती भट्ट्या बंद करून मद्य गाळण्याचा व विकण्याचा अधिकार मोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटण्यात आला. एकाच वर्षी खैरही गेला आणि भट्टीही गेली.

तरीही मोहाचे झाड जंगलात उभेच होते. चैत्राच्या सुमारास त्याची रसाळ फुले रात्रभर गळतात आणि पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचायला जातात. फुले वाळवून साठवायची, दुष्काळात उकडून भाकरीबरोबर खायची, बियांचे तेल काढायचे, हा या वाड्यांचा परंपरागत जीवनक्रम. त्याच फुलांपासून मद्यही गाळले जाई. सुकी फुले पाण्यात भिजत घातली की फुलांवरच्याच यीस्टने काही दिवसांत सडवा तयार होतो. तो मडक्यात उकळून त्याची वाफ थंड करायची. ही बिअर नव्हे, गाळलेले मद्य आहे, हा भेद खरा. परंतु फूल रानातले, पाणी ओढ्याचे, कसब आजीकडून नातीकडे आलेले आणि पहिली धार देवाला घातल्यावाचून कोणी तोंडाला न लावायची, हा रिवाज वाडीचा. वर सांगितलेल्या चारही प्रश्नांची उत्तरे येथे एकाच पाड्यावर मिळतात.

नेमके हेच परकीय सत्तेच्या डोळ्यांत खुपले. डोंगरातील भट्ट्या शोधून शोधून सापडेनात, तेव्हा सरकारने फुलालाच गुन्हेगार ठरवले. १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा झाला आणि रानात गळलेले फूल घरात ठेवण्यावर निर्बंध आले. हे सारे वनवासींच्या नीतिमत्तेसाठी केले, असे कोणी म्हणेल तर त्याने उरणकडे पाहावे. तेथील मोठ्या, परवानाधारक भट्ट्यांत गुजरातेतून आणलेल्या मोहफुलांचीच दारू गाळली जात होती आणि तिच्यावरील कराने सरकारची तिजोरी भरत होती. तेच फूल मक्तेदाराच्या भट्टीत महसूल ठरले आणि कातकऱ्याच्या झोपडीत गुन्हा! आणि ज्या १८९२ साली फुलावर पहारा बसला, त्याच साली तानसा धरण पूर्ण होऊन तेथील पाणी मुंबईस जाऊ लागले.

स्वराज्यातही तोच दंडक

परकीय गेले, दंडक मात्र गेला नाही. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहफुलांवरचे नियंत्रण त्यातही राहिले. ज्या मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी इंग्रजी सत्तेशी झुंजताना हौतात्म्य पत्करले, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी इंग्रजांच्या कायद्याची सावली पुढची कित्येक दशके टोपलीभर फुलांवर पडत राहिली. अखेर मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध राज्य शासनाने उठवले, तेव्हा २०२१ साल उजाडले होते. १८९२ पासून मोजल्यास एकशे एकोणतीस वर्षे!

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. २०२० साली टाळेबंदीमुळे मायक्रोब्रुअरी अडचणीत आल्या. ताजी बिअर घरी नेता यावी, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांत शासनाने तशी मुभा दिली. व्यावसायिकांची अडचण दूर झाली याचे कोणालाही दुःख नाही. प्रश्न एवढाच, की शासनाला एवढ्या वेगाने चालता येते, तर वाडीकडे जाणाऱ्या वाटेवरच त्याचे पाय का अडखळतात?

याहून मोठी विटंबना २०२२ साली घडली. काजूबोंडे आणि मोहफुले यांपासून तयार होणाऱ्या मद्याला मान्यता देताना राज्य मंत्रिमंडळाने त्याला दर्जा दिला तो 'विदेशी मद्या'चा! ज्या झाडाची मुळे सह्याद्रीच्या कातळात रुतली आहेत, त्याचे फूल स्वदेशात प्रतिष्ठित व्हायचे तर आधी त्याने विदेशी व्हावे, असे फर्मान कोणत्या मानसिकतेतून निघते? शिवाय परवाना, यंत्रसामग्री आणि भांडवल ज्याच्याकडे असेल त्यालाच या मान्यतेचा उपयोग. कातकरी स्त्री उद्याही फुलेच वेचणार. बाटलीवर नाव आणि खिशात नफा दुसऱ्याचा.

अन्य राज्यांनी निराळा विचार करून दाखवला आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोव्याने फेणीला आपले वारसा पेय घोषित केले. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा मद्य मानून अलिराजपूर आणि दिंडोरी येथे वनवासींच्या बचत गटांना त्याच्या उत्पादनात उतरवले. ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला मात्र धाडी आणि पंचनामे!

अधिकार ग्रामसभेचा

येथे एक आक्षेप उभा राहील आणि तो उभा राहिलाच पाहिजे. दारूने किती संसार धुळीस मिळवले याची गणती नाही. वीटभट्टीच्या मालकाची उचल घेऊन कुटुंबासह बाहेर पडणारा कातकरी दारूच्या नादी लागला, की ऋणाच्या फासातून त्याची सुटका होणे कठीण. मग त्या वाडीत पुन्हा भट्टी पेटवा असे सांगणे म्हणजे विनाशाला निमंत्रण नव्हे काय?

आक्षेप प्रामाणिक आहे. पण त्याचे निशाण चुकते आहे. मोहावर पहारा बसवल्याने दारू थांबली नाही. फुलाची जागा काळ्या गुळाने आणि नवसागराने घेतली, वाडीच्या रिवाजाची जागा व्यापाऱ्याच्या हिशेबाने घेतली. फूल हंगामी होते, सणासमारंभापुरते पुरत होते. गूळ-नवसागराची हातभट्टी बारमाही झाली. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने किती बळी घेतले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. मालवणीत तर शंभराहून अधिक माणसे गेली. ते विष मोहाच्या झाडावरून गळलेले नव्हते. ते नफेखोरांच्या कॅनमधून आलेले होते. जेथे आपले पेय कोण करतो आणि कशाचे करतो हे गावाला ठाऊक असते, तेथे असे विष सहजी खपत नाही.

आणि ज्या गावाला दारू मुळीच नको असेल, त्या गावाचे काय? त्याचे उत्तरही कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक द्रव्यांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालण्याचे अथवा त्यांचे नियमन करण्याचे अधिकार दिले, तसेच गौण वनोपजाची मालकीही दिली. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग या क्षेत्रात मोडतो. 'आडवी बाटली'च्या मतदानाने गावोगावच्या स्त्रियांनी परवानाधारक दुकाने बंद पाडली, तेव्हा निर्णय गावाच्या हाती दिला तर गाव विवेकानेच वागते, हे सिद्ध झाले. ज्या वाडीतील स्त्रिया म्हणतील 'येथे थेंबही नको', तेथे थेंबही नको. मग तो मोहाचा असो वा महामार्गावरील परवानाधारक बारचा. जी ग्रामसभा मोहाला आपली परंपरा मानून मर्यादेत राखू इच्छिते, तिच्या दारात धाड नको. एवढा साधा न्याय करायला कोणती अडचण आहे?

अडचण महसुलाची आहे. नाव दारूबंदीचे असलेल्या कायद्याखाली हे राज्य मद्यावरील शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये मिळवते. ज्या मद्यावर शुल्क मिळते ते सभ्य आणि ज्यावर मिळत नाही ते गुन्हा, हे १८७८ सालचे गणित आजही तसेच चालू आहे.

वनवासी तरुणांना व्यवसाय जमणार नाही, हा बहाणाही आता चालायचा नाही. याच शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी संस्था उभारून रानातील गुळवेल गोळा केली, वाळवली, तिची भुकटी केली आणि वनधन केंद्राच्या साहाय्याने मोठमोठ्या औषध कंपन्यांना पुरवली. जे हात गुळवेलीचा व्यवहार सांभाळतात, ते मोहाचा का सांभाळणार नाहीत? फुलांची साठवण, बियांचे तेल, फुलांचे खाद्यपदार्थ आणि ग्रामसभेने ठरवल्यास तपासणी होऊन निघणारे शुद्ध मद्य, या साऱ्यांवर पहिला हक्क वेचणाऱ्या हातांचा असला पाहिजे. परवाना द्यायचाच तर तो त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावा आणि त्यावरचा 'विदेशी' हा शिक्का पुसून टाकावा.

शहरातील रसिकांनी क्राफ्ट बिअर खुशाल प्यावी किंवा पिऊ नये. तो त्यांचा प्रश्न. परंतु 'स्थानिक' हा शब्द उच्चारताना त्यांनी पेल्यातील पाण्याकडे एकदा पाहावे. ते पाणी ज्या रानातून आले, तेथे पहाटेच्या अंधारात एक म्हातारी आजही टोपली घेऊन मोहाखाली वाकते आहे. खैर तिच्या पूर्वजांकडून घेतला, भट्टी घेतली, पाणीही नेले. निदान त्या टोपलीतील फुलांचे काय करायचे, हे तरी तिच्या गावाला ठरवू द्यावे.