तो ट्रम्पेट कोणाचा?

नांदगाव-मनमाडकडे लग्नसराई सुरू झाली, नवरदेव परण्या निघाला आणि डीजेला परवानगी मिळाली नाही, की ब्रास बँडवाल्यांना भाव येतो. आणि बँड आला की 'अमर अकबर अँथनी'मधलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं वाजणारच. करवल्यांपासून ते गुडघे दुखणाऱ्या मामांपर्यंत सगळे नाचतात. पण त्या गाण्यातलं नाव एका खऱ्या माणसाचं आहे, हे नाचणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. जन्म १९२७. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत ते व्हायोलिन वाजवायचे आणि बाकीच्या वादकांसाठी नोटेशन लिहायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. १९७७ मध्ये विद्यार्थ्याच्या गाण्यात गुरूचं नाव आलं, म्हणून ते राहिलं. २०१२ मध्ये गोन्साल्विस गेले तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की असा कोणी माणूस होता! म्हणजे हे नाव टिकलं ते गंमत म्हणून. ज्यांच्या विद्यार्थ्यांना असं काही सुचलं नाही, त्यांचं काय?

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे की हिंदी-मराठी सिनेसंगीतात वाजवणाऱ्यांची नावं न छापणं ही साधी विसर ना‍ही, ती एक पद्धत होती. आणि त्या पद्धतीवर पुढे कायद्यानेही शिक्का मारला. कायद्याकडे नंतर येतो, आधी माणसं बघू.

सेशन म्युझिशियन म्हणजे सोप्या भाषेत शिफ्टवरचा कलाकार. बोलावणं आलं की स्टुडिओत जायचं, समोर ठेवलेला कागद वाचायचा, वाजवायचं, पैसे घ्यायचे, ट्रम्पेट पेटीत घालायचा आणि लोकल पकडायची. १९५०च्या दशकात वेगवेगळे ट्रॅक वगैरे भानगड नव्हती. हातावर मोजण्याइतके माइक, गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी. एक जण चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. त्यात ट्रम्पेटवाला चुकला तर लपायला जागाच नाही. व्हायोलिनवाले पुष्कळ असतात, एखाद्याचा सूर घसरला तर खपून जातो.

(इथे आपल्या शाखेचा थोडा अभिमान. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह फक्त तीन. तीन बिट म्हणजे आठ कॉम्बिनेशन, त्यातही पहिला आणि दुसरा मिळून जवळपास तिसऱ्याइतकीच नळी वाढते, म्हणजे कामाची सातच. बाकीचे सगळे सूर ओठ आणि श्वास काढतात. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या ओरलला हे उदाहरण देऊन बघा, एक्स्टर्नल खूश होतात की बाहेर काढतात ते नंतर मला सांगा.)

आता आपल्या भागातला माणूस. मनमाडहून दौंडच्या गाडीत बसलात तर येवला, कोपरगाव आणि मग पुणतांबा, शिर्डीचा फाटा फुटतो ते स्टेशन. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १९१८ मध्ये या पुणतांब्यात झाला. याच माणसाने हिंदी सिनेमाला पाश्चात्त्य ठेक्यावर नाचायला लावलं. 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) आठवा. नसतील आठवत तर आजोबांना विचारा. पण एक प्रश्न डोक्यात ठेवा. पुणतांब्याहून आलेल्या माणसाच्या गाण्यात जॅझ आणि लॅटिन अमेरिकेचा ठेका शिरला कुठून?

तो आला चिक चॉकलेटकडून. हे चॉकलेटचं दुकान नाही, माणसाचं नाव आहे. खरं नाव आन्तोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, जन्म १९१६. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. लुई आर्मस्ट्राँगवर इतका जीव की लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. रात्री हॉटेलात साहेब लोकांसाठी ट्रम्पेट आणि दिवसा स्टुडिओत सी. रामचंद्रांचं काम. 'अलबेला'त तर चिक आणि त्यांची मंडळी झालरीचे शर्ट घालून पडद्यावरच दिसतात. भगवानदादा आणि गीता बाली यांच्यावरून नजर हटली तर नक्की बघा.

गोवेकरच का, याचंही कारण आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मेस्त म्हणजे संगीतशिक्षक पोरांना पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकवायचे. आपल्याकडचे संगीतकार पेटीवर चाल बांधायचे, गाऊन दाखवायचे. पण समोर बसलेल्या पन्नास वादकांना एकाच वेळी काय वाजवायचं ते कागदावर सांगायला वेगळी विद्या लागते. ती या लोकांकडे होती. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं हेच केलं. प्यारेलालजींचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा मात्र गोव्याचे नव्हते, उत्तर प्रदेशातले होते. तेही ट्रम्पेटवादकच, आणि त्यांनी पुष्कळ वादक तयार केले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर अण्णांचे चाहते माझ्यावर धावून येतील. (सी. रामचंद्रांना लोक अण्णा म्हणायचे.) चाल अण्णांचीच होती. चिकने सगळं केलं आणि नाव दुसऱ्याचं झालं, अशी ही गोष्ट नाही. पण आपण गाणं गुणगुणतो तेव्हा नुसती चाल कुठे गुणगुणतो? सुरुवातीची ती पिपाणीची फेक, कडव्यांच्या मधला तुकडा, हेही तोंडाने काढतोच ना? मग रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक, नट, नटी, बॅनर एवढ्यांना जागा होती, तर एका ओळीत वादक का मावले नाहीत?

काही जणांनी आपला मार्ग स्वतः काढला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड असेच ट्रम्पेटवाले. ताजच्या बँडमध्ये वाजवलं, स्टुडिओत वाजवलं, संगीतकारांचे साहाय्यक झाले, आणि मग थेट निर्मातेच. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी सिनेमे त्यांचे. 'निर्मोण'वरून १९६७ मध्ये हिंदीत 'तकदीर' निघाला. दुसरे मडगावचे क्रिस पेरी. ट्रम्पेट हातात, स्वतःचा बँड, स्वतःच्या चाली, आणि लॉर्ना नावाच्या तरुण गायिकेला घेऊन काढलेल्या कोकणी रेकॉर्ड्स. आजही गोव्यातल्या लग्नात त्या गाण्यांशिवाय पान हलत नाही. मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पेरींशी झालेल्या करारामुळे लॉर्ना दुसऱ्या कोणाबरोबर गाऊ शकत नव्हत्या, असं सांगतात. त्या दोन दशकांहून जास्त काळ गप्प राहिल्या आणि १९९५ मध्ये परत आल्या. 'नाचुंया कुंपासार' (२०१४) हा सिनेमा याच जोडीवर बेतलेला आहे. म्हणजे वाजवणारा मालक झाला की आपोआप न्याय होतो, असं काही नाही राव. कागदावर काय लिहिलंय ते शेवटी महत्त्वाचं.

तर कागद. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात कलाकाराचा वेगळा हक्क आला तो १९९४च्या दुरुस्तीने. २०१२च्या दुरुस्तीने आणखी दोन चांगल्या गोष्टी दिल्या. व्यावसायिक वापरातून रॉयल्टी, आणि आपल्या सादरीकरणावर आपलं नाव लागण्याचा हक्क. 'कलाकार' या शब्दाच्या व्याख्येत वादकही आहे. वाचून बरं वाटतं. पण त्याच व्याख्येला एक शेपूट जोडलंय. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला कलाकार मानायचं नाही. अपवाद एकच, त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तो तक्रार करू शकतो. हे शेपूट बहुधा गर्दीतल्या एक्स्ट्रा मंडळींसाठी असेल. पण एका शिफ्टचा ट्रम्पेटवाला 'प्रासंगिक' आहे असं कोणी निर्माता म्हणाला तर? मग बघा कसं गोल फिरतं. नाव छापायची रीत नाही म्हणून तुम्ही कलाकार नाही, आणि कलाकार नाही म्हणून नाव मागायचा हक्क नाही. सी शिकताना एक्झिट कंडिशन विसरलेला लूप असाच असतो.

इंग्लंडमध्ये काय झालं? बीटल्सच्या 'पेनी लेन'मधला तो छोट्या ट्रम्पेटचा तुकडा डेव्हिड मेसन यांनी जानेवारी १९६७ मध्ये वाजवला. तेही सेशनवालेच, बोलावलं म्हणून आले. पण त्यांचं नाव जगाला माहीत आहे. आणि १९९६च्या नियमांनंतर तिथे गाणं रेडिओवर वाजलं की नुसत्या मुख्य गायकालाच नाही, मागे वाजवणाऱ्यालाही वाटा मिळतो. त्यासाठी कोणी वाजवलं याची नोंद ठेवावी लागते. नोंद ठेवली की नावं आपसूक राहतात.

आता कोणी म्हणेल, शिफ्टचे पैसे मिळाले ना, मग तक्रार कसली? पैसे मिळाले, मान्य. वादकांची संघटनाही होती. पण मग आपल्या बी.ई. प्रोजेक्टला चौघांची नावं का टाकतो? ज्याने सोल्डरिंग केलं त्याला वडापाव खाऊ घालून मोकळे का होत नाही? (काही ग्रुप होतात. असो.)

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. लग्नातल्या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' (२००५) आणि मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांवर 'बिहाइंड द कर्टन' (२००८) ही दोन्ही पुस्तकं लिहिली ग्रेगरी बूथ यांनी. कुठले? न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले. मुंबईच्या जॅझवाल्यांवर नरेश फर्नांडिस यांचं पुस्तक आलं ते २०१२मध्ये. तोपर्यंत चिक चॉकलेट जाऊन ४५ वर्षं झाली होती. १९८०नंतर सिंथेसायझर आले, मोठे वाद्यवृंद आटले, आणि ज्यांना विचारून नावं लिहून घेता आली असती ती माणसंही एकेक करून गेली.

जुन्या रेकॉर्ड्सचं आता फारसं काही होणार नाही, पण नवीन गाण्यांचं होऊ शकतं. मोबाइलवर गाणं वाजवताना क्रेडिट्सचं बटण दाबलं तर कधीकधी वादकांची नावं दिसतात, बऱ्याचदा तिथे रेकॉर्ड कंपनीच्या नावापलीकडे काही नसतं.

आणि आपल्या गॅदरिंगचं? ऑर्केस्ट्राच्या रात्रीची जी पत्रिका तयार झाली आहे, तिच्यात दोन गायक आहेत, निवेदक आहे, तीन प्रायोजक आहेत आणि साउंडवाल्यांचा लोगोसुद्धा आहे. वादकांसाठी 'आणि सहकारी' एवढे दोन शब्द. छपाई सोमवारी आहे. नावं विचारायला एक फोन पुरतो, आणि नंबर कल्चरल सेक्रेटरीकडे आहे.