मर्यादेतला संगणक

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते, खरेदी नंतर होते. मुलासाठी सीताबर्डीतून सुटे भाग घेऊन गेमिंगचा संगणक जुळवतानाही हाच क्रम हितकर असतो. रक्कम निश्चित झाली की प्रथम मॉनिटर ठरवावा. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला मध्यम ग्राफिक्स कार्ड पुरते. खेळाची गती मुख्यतः त्यावर अवलंबून असल्याने सर्वांत मोठा वाटा त्याचा. प्रोसेसर मध्यम, रॅम १६ जीबी पुरे. रंगीत दिव्यांचा खर्च टाळावा. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको, कारण तो बिघडल्यास इतर भागही जळू शकतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; म्हणून हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट घ्यावे.

अखेरचा मोह बिलाचा. ते पेढीच्या नावे केले तर १८ टक्के जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेता येईल, असा विचार मनात येतो. परंतु वैयक्तिक वापराच्या वस्तूवर कायदा ते देत नाही, आणि अचौर्य व्रतातही ते बसत नाही. बिल घरच्या नावेच घ्यावे. वॉरंटीसाठी ते जपावे. त्या वेळी मुलगा शेजारीच उभा असतो.